मोठ्या मनाची मुलगी

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी प्रणोतीचा घसा पार बसला, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, राइट टाउनातल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी ती लहान मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची. मुलं चटईवर तिच्याभोवती दाटीवाटीने बसायची, मराठी नीट समजून घ्यायची आणि उत्तरं मात्र हिंदीत द्यायची. आठवडाभर शाळेत नर्सरीचा वर्ग सांभाळूनही प्रणोतीला या एका तासाचा कधी कंटाळा आला नव्हता. या महिन्यात तिने एकाच विषयावरची पुस्तकं काढली होती... दुसऱ्याशी मायेने कसं वागावं. आजच्या पुस्तकातलं अस्वल थंडीने कुडकुडणाऱ्या साळिंदराला आपल्या पांघरुणात घेणार होतं. पण पहिल्याच पानावर तिचा आवाज चिरकला, आणि मग येईनासाच झाला.

दाराशी एक तरुण भिंतीला टेकून उभा होता. छोट्या यशश्रीला सोडायला आलेला तिचा काका. निळा स्वेटर, खिशात दोन पेन्सिली, आणि मुलांकडे बघताना डोळ्यांत हसू. प्रणोतीने पुस्तक त्याच्यापुढे धरलं आणि नुसत्या नजरेनेच विनवलं. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. नाही म्हणेल असं तिला वाटलं. पण त्याने पुस्तक घेतलं आणि चटईवर मांडी घातली.

"एक होतं अ... अ..."

अस्वल काही येईना. त्याचे ओठ उघडेच राहिले, मानेची शीर ताणली. शेवटी एकदाचं अस्वल आलं, तर पुढच्या वाक्यात साळिंदर अडलं. मुलं एकदम गप्प झाली होती, सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे. प्रणोतीचा जीव वरखाली होऊ लागला. या बिचाऱ्याला आपण कुठे अडकवलं... तिसऱ्या पानावर तिला बघवेना. ती पुढे झाली, गोड हसली आणि पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं. उरलेली गोष्ट तिने चित्रं दाखवत, फुसफुसत्या आवाजात कशीबशी संपवली.

तास संपल्यावर तो पायऱ्यांपाशी यशश्रीच्या चपला शोधत होता. ती पाच वर्षांची पोर मात्र प्रणोतीचा दुपट्टा ओढत म्हणाली, "दीदी, आपने किताब क्यों ले ली? काका तो पढ़ रहे थे।"

त्याने ऐकलं. मान वर करून प्रणोतीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. मग यशश्रीचं बोट धरून तो निघून गेला.

दोन दिवस प्रणोती त्या प्रश्नाशी झुंजत राहिली. मुलं हसली नव्हती. कुणी कुणाला कोपरही मारलं नव्हतं. अस्वल पुढे काय करतं, एवढीच त्यांना उत्सुकता होती, आणि त्यासाठी मुलं बसून होती. घाई झाली ती एकट्या प्रणोतीला. आणि वर आपण त्या माणसाला वाचवलं, असं समाधानही तिने करून घेतलं होतं.

यशश्रीच्या आईकडून, दीपाकडून, तिने नंबर घेतला. त्याचं नाव आल्हाद सुभेदार, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात पुलांचे नकाशे काढतो, एवढं दीपाने आपणहून सांगितलं. प्रणोतीने माफीच्या तीन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहून पाठवल्या. मधल्या सुट्टीत उत्तर आलं.

"माफी मंजूर. पण अस्वलाने पांघरूण दिलं का, ते कळलं नाही. तुमच्या फुसफुसण्यात शेवट वाहून गेला."

"दिलं," तिने लिहिलं.

"आणि साळिंदराच्या काट्यांचं काय?"

"अस्वलाची कातडी जाड असते."

"माझीही बऱ्यापैकी जाड आहे. चहा घ्यायला येता का?"

स्टाफरूममध्ये एकटीच बसून प्रणोती हसली, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून तिने इकडेतिकडे बघून घेतलं.

विजय नगरच्या एका टपरीवर ते भेटले. मेसेजमध्ये भराभर चालणारा आल्हाद समोर बसला की शब्दागणिक थांबायचा. पहिल्या दिवशी त्याचा शब्द आपण पुरा करू नये म्हणून प्रणोती दातांखाली जीभ धरून बसली होती. तिसऱ्या भेटीत जीभ धरायचं ती विसरून गेली. तो बोलताना दोन्ही हातांनी चहाचा ग्लास धरून ठेवायचा, शब्द अडला की ग्लास किंचित फिरवायचा, आणि नजर मात्र तिच्यावरून काढायचा नाही. त्या नजरेची तिला सवय झाली. मग ती रविवारची वाट बघू लागली... मग बुधवारचीही.

तिने आणलेली ती सगळी पुस्तकं त्याने वाचून काढली आणि एक तक्रार मांडली. त्याचं म्हणणं, प्रत्येक पुस्तकात एक चांगला आणि एक बिचारा असतो. बिचाऱ्याला कुणीच काही विचारत नाही. साळिंदराला पांघरूण हवं होतं का, की त्याला अस्वलाशी नुसत्या गप्पा मारायच्या होत्या? प्रणोती पुस्तकाची पानं पुन्हा उलटून बघू लागली. तेव्हा तोच म्हणाला, की मग आपणच एक पुस्तक करू. मराठीत, इथल्या मुलांसाठी.

पुस्तक नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या एका नावेचं होतं. फुलांची टोपली घेऊन एक आजी हळूहळू पायऱ्या उतरते आहे आणि नाव तिच्यासाठी थांबली आहे, एवढीच गोष्ट. चित्रं त्याची, शब्द तिचे. शेवटच्या पानावर प्रणोतीने लिहिलं होतं की म्हणून आपणही सगळ्यांशी प्रेमाने वागावं. त्याच संध्याकाळी मेसेज आला, "शेवटच्या पानावर एक मास्तरीण बसली आहे. तिला उठवा."

प्रणोती दुसरा अख्खा दिवस फुगून बसली. मग तिने ते वाक्य खोडून मास्तरणीला उठवलं, आणि पान खरंच मोकळं झालं.

चित्रं पसरून दोघं बसले की वेळ कसा जायचा कळायचं नाही. एकदा तिची बाही ओल्या निळ्या रंगात जाणार, तेवढ्यात त्याने दोन बोटांनी तिचं मनगट उचलून बाजूला ठेवलं. रंग लागायचा तो लागलाच. दुसऱ्या दिवशी शाळेत, धुऊनही न गेलेला बाहीवरचा तो नर्मदेच्या रंगाचा डाग ती पुन्हा पुन्हा बघत होती. 'तुम्ही'चं 'तू' कोणत्या पानावर झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

जानेवारीत आल्हाद चित्रं दाखवायला तिच्या घरी आला. तिचे बाबा, रत्नाकरराव, फॅक्टरीतून निवृत्त झालेले. पुलांचा विषय निघाल्यावर त्यांना आल्हादचं बोलणं अडतं हे जाणवलंसुद्धा नाही. पण नागपूरहून आलेली वसुधाआत्या सगळं बघत होती. आल्हाद निघाला, दाराबाहेर बसून बूट घालू लागला, आणि आतून आत्याचा आवाज आला.

"मुलगा गुणी आहे हो. पण आपली प्रणोती मोठ्या मनाची, म्हणून जमून राहिलं तिला. दुसरी कोणी दोन मिनिटं बसली नसती."

आत्या कौतुकच करत होती. दारातल्या प्रणोतीला आल्हादचा बुटाच्या नाडीवरचा हात थांबलेला दिसला. मग त्याने दुसरा बूट घातला, तिच्याकडे न बघता मान हलवली आणि तो गेला.

त्यानंतर मेसेज आटले. शेवटचं चित्र दीपाच्या हाती लिफाफ्यातून आलं. सोबत चिठ्ठी होती, "पुस्तक पूर्ण झालं. आभारी आहे. आल्हाद." त्यात 'तू'ही नव्हतं आणि 'तुम्ही'ही नव्हतं.

रविवारी दुपारी तो घाटावर चित्रं काढत बसतो, हे प्रणोतीला माहीत होतं. ऑटो करून ती ग्वारीघाटावर उतरली. ऊन कोवळं होतं. लोक नावेतून पक्ष्यांना शेव टाकत होते आणि पांढऱ्या पंखांची झुंबड पाण्यावर उठत होती, बसत होती. आल्हाद खालच्या पायरीवर, ओळखीच्या पुंडलिक नावाड्याच्या नावेपाशी बसला होता. तिला पाहून त्याने वही मिटली.

"काहून असं करून राहिला तू?" तिने विचारलं.

त्याने वही बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आत्या ब... बरोबर बोलल्या. मला खरं सांग. मीही तुझ्या त्या गोष्टींतला एक बिचारा आहे का? म... मायेने वागायच्या?"

त्याची समजूत घालायला म्हणून ती सकाळपासून मऊ मऊ वाक्यं जुळवत आली होती. ती सगळी कुठल्या कुठे गेली, आणि तिला मनापासून राग आला.

"तू दर वेळी वीस मिनिटं उशिरा येतोस," ती म्हणाली, "आणि सॉरीसुद्धा म्हणत नाहीस. आजीचे पाय दोनदा उलटे काढलेस, मी दाखवलं तर कबूलही केलं नाहीस. आता माझ्या मनात काय आहे ते तूच ठरवलंस आणि मला चिठ्ठी पाठवलीस."

तो काही बोलायला गेला.

"थांब, माझं संपलं नाही. दिवसभर मी सगळ्यांशी मायेनेच वागते, आल्हाद. मुलांशी, त्यांच्या आयांशी, मोठ्या बाईंशी. गाल दुखतात माझे हसून हसून. फक्त तुझ्याशी मला भांडता येतं. दया येते त्या माणसाशी कोणी असं भांडतं का?" घसरलेला दुपट्टा तिने खांद्यावर फेकला. "आणि दोन महिने झाले... तू मला एकदाही नावाने हाक मारली नाहीस. मी वाट बघून राहिली."

नाव बांधता बांधता पुंडलिकने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आल्हाद आधी खाली बघत होता. मग त्याचे खांदे हलले. तो हसत होता. थांबत थांबत त्याने सांगितलं, की 'प' हा त्याचा जन्माचा वैरी. ऑफिसात पूल म्हणायचा तर तो ब्रिज म्हणतो. आणि तिच्या नावात तर त्या 'प'ला आणखी एक 'र' लटकलेला. घरी आरशासमोर नाव नीट येतं. ती समोर आली की... त्याने नुसते हात पसरले.

प्रणोती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. इतकी जवळ ती कधी बसली नव्हती. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"प्र..."

नाव तिथेच अडलं. समोरच्या नावेतून कुणीतरी मूठभर शेव उधळली, पक्षी ओरडत वर उठले, गरगर फिरले आणि एकेक करून परत पाण्यावर टेकले. त्याच्या मानेची शीर ताणलेली होती. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला ते बघवत होतं. तिला तर तिथून उठायचंच नव्हतं.

"...णोती."

सत्तावीस वर्षं ऐकलेलं हे नाव असं सावकाश, आख्खं, तिच्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं. तिने डोळे पुसले.

"लग्न करशील माझ्याशी?"

हे मात्र एका दमात बाहेर पडलं. एकही शब्द अडला नाही, आणि त्याचं सर्वात जास्त आश्चर्य आल्हादलाच वाटलं. तो चकित होऊन तिच्याकडे बघत राहिला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणाऱ्या प्रणोतीच्या तोंडून आता शब्द फुटेना. तिने त्याचा हात हातात घेतला. बोटांना पेन्सिलीची काळी भुकटी लागली होती, ती तिच्याही तळव्याला लागली.

"हो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण आत्याला तूच सांगायचं."