ज्या पायात नाव बांधलं

विजय नगरच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात डॉक्टर विनताने स्वतः केलेला तक्ता भिंतीवर लावला होता. कमी वजन, उशिरा रडणं, आईचा ताप, साखर उतरणं; प्रत्येकाला गुण. गुण जितके जास्त, तितका पुढे झटके येण्याचा धोका जास्त. आकड्यावाचून तिचा कशावर विश्वास बसत नसे, सासूबाईंच्या शकुनांवर तर मुळीच नाही. नव्या नर्सना ती बजावायची, "बाळाचा पाय थरथरला तर मुठीत धरा. थांबला, तर घाबरायचं काही नाही. नाही थांबला, तर तो झटका."

तक्त्यावरचा तिचा भरवसा डळमळला तो पाटन गावाहून आलेल्या एका बाळामुळे. शून्य गुणांचं ते बाळ तिसऱ्या महिन्यात झटके घेऊन परत आलं. विनताने दोन वर्षांचे कागद आणि बाळं घरी जाताना काढलेले फोटो पुढ्यात घेतले, आणि एकेक ताडून पाहिला. झटके आलेल्या अकराही बाळांच्या नावाची पट्टी डाव्या पायात होती. बाकी सगळ्यांची उजव्यात.

पट्ट्या बांधायची ती सत्यभामाबाई, तिथली सर्वांत जुनी आया.

"काही बाळांना डाव्या पायात काहून बांधता, बाई?"

"मी कुठं ठरवते, मॅडम? लेकरू जो पाय पुढं करते, त्यातच बांधते."

मग विनताची लेक अवंती तिथेच बाळंत झाली, भर दुपारी. मुलगी जन्मताच टाहो फोडून रडली. वजन तीन किलो. गुण शून्य. विनताने बेरीज दोनदा तपासली.

बाई पट्टी घेऊन आली आणि थबकली. बाळाने डावा पाय पुढे केला होता.

"उजव्यात बांधा," विनता म्हणाली.

"उजवा देऊनच नाही राहिली, मॅडम."

विनताने पट्टी हिसकावली. पोटाशी घट्ट दुमडलेला उजवा पाय तिने ओढून सरळ केला. बाळ किंचाळलं. देवा, माझं वाटेल ते घे, पण हिला सोड. आयुष्यात पहिल्यांदाच ती देवाला काही मागत होती. तिने गाठीवर गाठ मारली.

बाई हात पदराला पुसून निघून गेली.

संध्याकाळी अवंतीने दुपटं सोडलं.

"आई, पट्टी तर उजव्या पायात आहे ना? फिर डाव्या पायावर हा वळ कशाचा?"

विनता वाकली. डाव्या घोट्याभोवती ताजा लाल वळ होता, पट्टीच्याच रुंदीचा. त्यावर गाठीचा ठसा. गाठीवर गाठ.

पाय थरथरत होता.

तिने तो मुठीत धरला.

मुठीतही तो थरथरतच राहिला.