वादळ इथवर येतं तेव्हा

पडद्यांची मापं घ्यायला म्हणून ती सोसायटीच्या हॉलमध्ये शिरली आणि नेमकी सभेत सापडली. गळ्यात टेप, हातात खडू, आणि समोर उभा तो, नगरपालिकेचा इंजिनिअर. बूट ओले, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच. दिसायला बरा होता. तिने ते लगेच पाहिलं, आणि तिथेच घोटाळा झाला. कुणी आवडलं की हिच्या जिभेला खाज सुटायची.

"वादळ किनाऱ्यावर आदळेल," तो सांगत होता, "आपल्यापर्यंत येईस्तोवर वाऱ्याचा जोर ओसरलेला असेल. आतल्या शहरांतली माणसं तिथेच फसतात. वारा मरतो, पाऊस मरत नाही. तो येऊन मुक्काम ठोकतो. माती भुसभुशीत होऊन झाडं पडतील, वीज जाईल. आणि तळमजल्यावाल्यांनी दाराकडे बघत बसू नये. नाला भरला की पाणी उलटं फिरतं आणि मोरीतून वर येतं. मोरीच्या जाळीवर वाळूची पिशवी ठेवा."

"साहेब," ती मागून म्हणाली, "समुद्र इथून कुठच्या कुठे. वादळ काय रिझर्व्हेशन करून येणार आहे?"

हॉल खो खो हसला. हसण्याने तिला आणखी चेव आला. "आणि नाल्याची इतकी काळजी, म्हणजे तुम्ही आमचे नालेसाहेबच की."

त्याचे कान लाल झाले. तो तिच्याकडे पाहून ओशाळं हसला, पुढचं काहीतरी बोलला, पण लोक उठायला लागले होते. तिच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत राहणाऱ्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, "बरं झालं बाई, वाळू उचलायचं टळलं."

वादळ आलं तेव्हा खरंच वारा नव्हता. नुसता पाऊस... आदल्या दिवशी सुरू झालेला, थांबायचं नावच घेईना. दुकानाच्या उंबऱ्याला चिंध्या लावून ती निर्धास्त बसली होती. तेवढ्यात मागे मोरीत गुडगुड झालं आणि काळं पाणी जाळीतून वर उसळलं. गिऱ्हाइकांचे कपडे वरच्या फळीवर फेकेपर्यंत आजींची हाक आली.

आजी पलंगावर पाय घेऊन बसल्या होत्या. गादीची खालची बाजू भिजली होती, चपला खोलीभर तरंगत होत्या. "तू म्हणाली होतीस ना गं, काही येत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते तिला सहन झालं नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण धरणीच्या पोटातही पाणीच होतं.

मग तो आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याने आजींना पाठुंगळी घेतलं आणि पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पोचवलं. जिन्यातली पोरं ओरडली, "नालेसाहेब आले." नाव तिने ठेवलेलं, आता गल्लीभर झालं होतं. तो मागे वळून काही बोलेल म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो तसाच पुढच्या घराकडे गेला.

सकाळी पाऊस जरा उघडला, पाणी उतरलं. ती दुकान पुसत होती, तो दारात उभा राहिला.

"तुमच्याकडे जाड कापड आहे? आमच्या गोण्या फाटल्या. वरच्या अंगाचं पाणी अजून यायचंय, संध्याकाळी पुन्हा चढेल."

"वीज नाहीये."

"मशीन पायाचं आहे, बाहेरून बघितलं मी."

"बरंच बघता बाहेरून," ती सवयीने बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

"कामच आहे माझं," तो म्हणाला. "कुठे काय तुंबलंय ते बघायचं."

तिने पडद्यांचं सगळं कापड काढलं. ती शिवत होती, तो समोर बसून कापड ताणून धरत होता. दोघांच्या मधे तेवढंच कापड... दर पिशवीबरोबर ते संपत यायचं आणि त्याची बोटं सुईजवळ पोचायची.

"हात मागे घ्या, शिवून टाकीन."

"टाका. तेवढंच बसायला निमित्त."

तिला हसू आलं नाही. तिने पाय थांबवला. "मी चुकले हो. सगळ्यांसमोर तुमची टर उडवली... मला तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते."

त्याने कापड खाली ठेवलं. "माझी माफी सोपी आहे. मी तर काल इथे येताच माफ केलं होतं. पण गादी माझी नाही भिजली."

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की. जो आवडत होता त्याची माफी मागायला ती रात्रभर शब्द जुळवत होती, आणि ज्यांची गादी भिजली त्यांच्यासमोर जायला तिला जिना चढवत नव्हता. ती उठली. जिना चढली. आजींसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझ्यामुळे झालं, आजी."

"हो, तुझ्यामुळेच," आजी म्हणाल्या. "आणि मी हसले, ते माझ्यामुळे. आता रडू नकोस, गादी गच्चीवर घाल. आणि चहा टाक."

दोन्ही कामं करून ती खाली आली, तेव्हा त्याने पिशव्या वाळूने भरून आजींच्या मोरीवर रचल्याही होत्या. तिने डोळे पुसले आणि उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुमच्या घरी सगळं कोरडं ना?"

तो एकदम वाळूच्या पिशव्यांकडे बघायला लागला. "नाही."

"म्हणजे?"

"घरीही तळमजलाच आहे. मोरीवर पिशवी ठेवायची राहिली. शहरभर सांगत फिरलो आणि स्वतःच्या घरी... आत्या काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नाहीये. कुणाला सांगू नका."

"असं कसं राहिलं? तुमच्याच तर..."

"आत्या रोज आठवण करून देत होती. पण त्या सभेपासून माझं चित्तच ठिकाणावर नव्हतं. घरी आलो की तिला एकच ऐकवायचो, एक टेलरबाई आहे, ती काय बोलली, कशी बोलली. शेवटी आत्या म्हणाली, आता मोरी बघ नाहीतर त्या बाईला तरी घेऊन ये."

ती कितीतरी वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणजे तुमच्या घरात पाणी शिरलं, तेही माझ्यामुळेच?"

"हो," तो म्हणाला. "आणि हे मात्र माफ करायचा माझा विचार नाही."

लाजेने तिचा चेहरा पुन्हा तापला. पण या खेपेला ती भिंतीकडे वळली नाही. त्याच्याकडे बघतच ती म्हणाली, "चला... आत्यांची मोरी दाखवा."