तिसऱ्या नंबरची मॅच

टॅक्सी भरायला एकच माणूस कमी होता. तो धावत आला आणि शुरूकच्या मांडीवरच्या डब्यावर जवळजवळ बसलाच.

"अहो! बघून बसा की... मसमन आहेत त्यात, घडीच्या पोळ्या. मावशीने आत्ता तव्यावरून काढून दिलेत."

"माफ करा हं," तो धापा टाकत म्हणाला. "वास आला तेव्हाच वाटलं होतं, आज नशीब बरं दिसतंय."

हसू आलं होतं, पण शुरूकने ते गिळलं. मागच्या सीटवर चौघं, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी दोघं, आणि खिडकीच्या फटीतून आत येणारा पूर्वेचा शर्की वारा. टँजियरमध्ये तो सुटला की दोन-चार दिवस कुणाचं ऐकत नाही. शेजारच्या माणसाचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता. सरकायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तसा फार त्रासही होत नव्हता. खोडकर डोळ्यांचा, विस्कटलेल्या केसांचा माणूस होता. पण शुरूकचं मन आज जाग्यावर नव्हतं. काल रात्री मोरोक्कोच्या मुली फुटबॉलची सेमीफायनल हरल्या होत्या. ती त्या टीममध्ये होती, म्हणजे नेहमीसारखी बाकावर होती.

ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला.

"...तर मंडळी, गुरुवारी आपली तिसऱ्या नंबरची मॅच. खरं सांगू? तिसऱ्या नंबरची मॅच म्हणजे मोडलेल्या लग्नाचं जेवण. भूक कुणालाच नसते, पण स्वयंपाक झालाय म्हणून बसायचं!"

अख्खी टॅक्सी खो खो हसली. शुरूक सोडून.

"काका, या माणसाला रेडिओतून कान धरून बाहेर काढता येईल का?"

"अगं पोरी, आपला नौफल आहे तो! सकाळचं बोलणं पुन्हा लावतात. मजेशीर बोलतो."

"खुर्चीत बसून मजेशीर बोलायला काय जातंय! काल रात्री रडून डोळे सुजलेल्या मुलीने आज उठून पुन्हा बूट बांधायचे, याला काय लागतं ते विचारा त्याला. फायनल हरणारी टीम दुसरी येते, पण रडत घरी जाते. तिसरी येणारी जिंकून घरी जाते. एवढं साधं कळत नाही, आणि म्हणे कॉमेंट्री करतो!"

शेजारचा माणूस खिडकीत एवढा अंग चोरून बसला की तिच्यासाठी चक्क जागा झाली. चौक आल्यावर तो नाइलाजाने, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "इथेच थांबवा..."

ड्रायव्हरने गर्रकन मान वळवली. "अरे! नौफलसाहेब, तुम्ही?"

झालं! कुणी खोकलं, कुणी बाहेर बघू लागलं. दुसरी कुणी असती तर डब्यात तोंड लपवून बसली असती. शुरूकचं हॉटेल अजून लांब होतं, तरी ती त्याच्यामागोमाग उतरली.

"पळू नका. तोंडावर बोलायची संधी रोज मिळत नाही."

"पळत नाहीये... वारा ढकलतोय." त्याने केस डोळ्यांवरून बाजूला केले. "तुम्ही टीममध्ये आहात."

"नाव सांगा माझं. प्रत्येक मॅचला यादी वाचता ना?"

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "शुरूक बकाली. राखीव गोलकीपर."

"माझं नाव शेवटी येतं. ते वाचता आणि लगेच जाहिरात लावता. माझे बाबा तेतुआनच्या बसवर ड्रायव्हर आहेत. यादी संपेपर्यंत बसमध्ये कुणाला बोलू देत नाहीत. एवढी वर्षं झाली, पण देशासाठी एक मिनिटसुद्धा खेळले नाही मी. या स्पर्धेनंतर नव्या मुली येणार, मी घरी. म्हणून ते तुमचं मोडलेलं लग्न आहे ना, ते मला हवंय. गोलमध्ये मी उभी राहणार."

"कोच उभं करणार आहेत तुम्हाला?"

"ते माझं मी बघते. मी खेळले तर तुम्ही ती मॅच पूर्ण सांगायची. फायनल सांगता तशी."

"पण... त्या वेळी आमच्याकडे गाणी असतात."

"मग गाणी बंद करा. ते तुमचं तुम्ही बघा."

नौफलला हसू फुटलं. "बरं. मग या करारावर एक मसमन...?"

"मोडलेल्या लग्नाचं जेवण आहे हे," तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "तुम्हाला कुठे भूक असते!"

आणि ती तरातरा निघाली. कोपऱ्यावर मात्र तिने एकदा वळून पाहिलंच. तो अजून तिथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ती सरळ कोच लमियाच्या टेबलापाशी गेली. लमिया स्वतः कधीकाळी सेंटर बॅक होत्या. खेळाडूचं म्हणणं ऐकून घ्यायच्या, पण पाघळायच्या नाहीत.

"कोच, गुरुवारी मला खेळायचंय."

"हिंद तुझ्यापेक्षा चांगली आहे, शुरूक."

"आहे ना. पण शर्की सुटलाय, आणि ती अगादीरची आहे. हा वारा तिच्या ओळखीचा नाही. मी यात लहानाची मोठी झाले. दया म्हणून नकोच मला. आज संध्याकाळी दोघींना कडेवरून सारखेच उंच क्रॉस मारून बघा. जी जास्त पकडेल ती खेळेल."

शेजारच्या टेबलावर हिंद ब्रेडला लोणी लावत होती. तिची सुरी थांबली. "ए बाई, माझी जागा काय बाजारात ठेवलीयेस का? मलाही खेळायचंय."

"मग ये ना संध्याकाळी."

"येणारच!"

लमियांनी कॉफीचा घोट घेतला. "तिसऱ्या नंबरासाठी दोन गोलकीपर भांडतायत," त्या म्हणाल्या. "चला, म्हणजे परवा हरलेली टीम अजून जिवंत आहे. या दोघी मैदानावर."

संध्याकाळी कोपऱ्यातले झेंडे ताठ आडवे फडफडत होते. गोलच्या मागे, जाळीपलीकडे नौफल माइक घेऊन उभा होता. शुरूकने त्याला पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

हिंद अंदाजाने पुढे यायची आणि चेंडू हवेत वाकडी वाट धरून तिच्या बोटांच्या मागून जायचा. शुरूक मात्र घाई करत नव्हती. चेंडू उडाला की थोडं थांबायची, वारा त्याला कुठे नेतोय ते बघायची, मगच पाऊल उचलायची. शेवटी हिंदने आपले हातमोजे काढून तिच्या अंगावर फेकले.

"घे, माझ्या मोज्यांची पकड चांगली आहे. पण भंकस गोल खाल्लास ना, तर बाकावरून उठून येईन."

शुरूकला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती जाळीकडे वळली. तिथे नेमका तो.

"गाणी बंद झाली," नौफल म्हणाला.

"खरं? कसं जमवलंत?"

"जमवलं." तो बुटाने वाळू उकरत होता. "तुम्ही तुमचं केलंत, मी माझं... तुमची उडी छान आहे."

"उडी?"

"म्हणजे... सगळंच."

एवढा बोलका माणूस, आणि त्याला पुढचा शब्द सापडेना. शुरूकने मोजे छातीशी धरले आणि काहीच मदत केली नाही. त्याला असं अडखळलेलं पाहायला तिला फार आवडत होतं.

गुरुवारी स्टेडियम निम्मं भरलं होतं. समोर सेनेगल. त्याही काल-परवा रडलेल्याच, त्यामुळे कुणीच कुणाला सोडणार नव्हतं. राष्ट्रगीत सुरू झालं आणि शुरूकने हिंदचे मोजे मनगटावर घट्ट आवळले.

पहिल्या अर्ध्या वेळेत वारा तिच्या तोंडावर होता. उजवीकडून एक साधा क्रॉस आला. आणि जे तिने हिंदला करताना पाहिलं होतं, तेच तिने केलं. घाई. चेंडू तिच्या मुठीवरून गेला आणि मागच्या मुलीने डोक्याने आत ढकलला. शून्य-एक. गवतावर बसून तिला वाटलं, जमीन फाटली तर बरं. एवढी वर्षं हट्ट धरला, तो यासाठी? बाबांच्या बसमध्ये आत्ता सगळे गप्प झाले असतील.

"उठ गं!" बाकावरून हिंद किंचाळली. "एकच खाल्लायस! उठ!"

ती उठली. चेंडू जाळीतून काढून तिने स्वतः मध्यावर फेकला. त्यानंतर आलेला प्रत्येक क्रॉस तिने घेतला. कधी दोन्ही हातांनी, कधी मुठीने, एकदा तर दोघींच्या डोक्यांवरून. मध्यंतरानंतर वारा मोरोक्कोच्या बाजूने आला. आधी बरोबरी झाली, मग शेवटच्या टप्प्यात कॉर्नरवरून दुसरा गोल. स्टेडियम निम्मंच होतं, पण ओरडत होतं पूर्ण.

आणि मग पेनल्टी. संपायला आलेली मॅच, मोरोक्कोच्या मुलीच्या हाताला लागलेला चेंडू, पंचाची शिट्टी.

सेनेगलच्या कॅप्टनने चेंडू ठेवला. वाऱ्याने तो घरंगळला. तिने पुन्हा ठेवला, पुन्हा हलला. शुरूक लाइनवर उभी राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. वैतागली आहे. आता ही उंच मारायची नाही, वाऱ्यावर विश्वास ठेवायची नाही. खाली मारणार, जोरात मारणार. शर्की कोणत्या बाजूला लोटतोय? डावीकडे. तर मग डावीकडेच.

ती झेपावली. मनगटात कळ गेली, चेंडू तिच्या हाताला लागून खांबाच्या बाहेरून निघून गेला, मॅच संपल्याची शिट्टी वाजली, आणि पुढच्याच क्षणी अख्खी टीम तिच्या अंगावर होती. सगळ्यात वर हिंद.

गळ्यात कांस्यपदक, मनगटावर बर्फ. बोगद्यात भिंतीला टेकून शुरूकने फोन उचलला. बाबा ओरडत होते.

"अगं, रेडिओ मेला होता आमचा! शुरूक बकाली लाइनवर उभी आहे, म्हणाला... आणि एकदम सगळं बंद! मी बस बाजूला घेतली. सगळे उतारू पुढे येऊन रेडिओला थापा मारतायत!"

"मग?"

"मग आला आवाज. नुसतं तुझं नाव! शुरूक, शुरूक, शुरूक... काय झालं ते सांगेचना लेकाचा! गोल झाला की अडवलास, ते कळायला मला एक बाई कडेवरून उतरून नाचायला लागावी लागली. म्हणजे तिचं पोर उतरून... जाऊ दे, मला बोलता येत नाहीये. पोरी, अडवलास ना तू?"

"अडवला, बाबा."

पलीकडे बाबा रडत होते, आणि मागून अख्खी बस टाळ्या वाजवत होती. तिने फोन खाली घेतला तेव्हा समोर नौफल उभा होता. घसा बसलेला, केस तसेच विस्कटलेले.

"रेडिओ बंद पडला होता म्हणे," शुरूक म्हणाली.

"रेडिओ नाही. मी."

"म्हणजे?"

"डोळे मिटले होते मी."

"कॉमेंट्री करताना? पेनल्टीला?"

"आयुष्यात पहिल्यांदा... चेंडू आत गेला असता तर तुमचा चेहरा मला बघवला नसता. लोकांचा ओरडा ऐकला तेव्हा उघडले. पुढे काय बोललो ते आठवत नाही. साहेबांनी फोन करून बरंच काही ऐकवलं."

तिला हसू आवरेना. "उद्या फायनलला तरी डोळे उघडे ठेवा."

"उद्या मी नाहीये." तो घाईने म्हणाला, जणू किरकोळ गोष्ट आहे. "फायनल हमीद सांगणार."

बाकावर बसणं म्हणजे काय असतं, हे शुरूकला कुणी समजावून सांगायला नको होतं. गाणी कशी बंद झाली, ते तिला आत्ता कळलं.

"तुम्ही फायनल देऊन ही मॅच घेतलीत?"

"साहेब म्हणाले, दोन्हीपैकी एक. मी म्हटलं, गुरुवारची."

"मोडलेल्या लग्नाचं जेवण!"

"पोटभर जेवलो," नौफल म्हणाला. मग तो थांबला, आणि या वेळी त्याने शब्द शोधला नाही, होता तो सरळ सांगून टाकला. "मला तू आवडतेस, शुरूक. टॅक्सीत माझा उद्धार करत होतीस ना, तेव्हापासून."

बोगद्याच्या तोंडाशी वारा घुमत होता. टीमची बस हॉर्न देत होती, हिंद दारात लोंबकळून हाका मारत होती. शुरूकने बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या, गार हाताने त्याचा हात धरला. सगळ्यांसमोर.

"उद्या दुपारी मोकळा आहेस ना? मग तेतुआनला ये, आमच्या घरी. शुक्रवारचं कुसकुस असतं. बाबांना त्यांच्या रेडिओचा जाब विचारायचाय."

"आणि तुला काय हवंय?"

बोलावणं येण्याची वाट बघत तिने फार वर्षं काढली होती. आता नाही.

"तू," ती म्हणाली. "आणि वेळेवर ये. कुसकुस गार झालेलं आईला अजिबात खपत नाही."