पांढरे हात

दसऱ्याच्या सकाळी शिवांजलीनं धावपट्टीवर विमान उगवतीकडं वळवलं आणि पुढचं काही दिसेना. समोरच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा लखलखत होत्या. तिनं इंजिन बंद केलं. आज ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती.

धाराशिवजवळच्या त्या विमानशाळेत लगेच एकच नाव फिरलं. गोरोबा. विमानं धुणारा.

"काल पूजेनंतर पुसायला हाच होता. याला आजच काढा," तंत्रज्ञ गौरीशंकर म्हणाले.

शाळेच्या प्रमुखांनी येडशीहून हणमंतप्पांना बोलावलं. निवृत्त तंत्रज्ञ, कीर्तनातले टाळकरी. बोलायला सावकाश, ऐकायला पक्के.

त्यांनी काच निरखली. चिरा उजव्या अंगालाच, स्क्रूजवळ दाट.

"हितंच काय होतं काल?"

"खंडेनवमीचं स्वस्तिक, अप्पा," गोरोबा म्हणाला. "तेलातलं कुंकू. गौरीशंकर साहेबांनी बोटानं काढलं."

"तू कशानं पुसलंस?"

"साबणाच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं. लाली गेलीच न्हाय. म्या तशीच ठिवली."

"आता तर डाग न्हाय."

"तेच कळंना मला."

हणमंतप्पांनी सगळ्यांना हात पुढं करायला लावले.

"भविष्य बघता व्हय, अप्पा?" शिवांजलीनं विचारलं.

पूजेला बसलेल्या प्रत्येकाची बोटं अजून गुलाबी होती. गौरीशंकरांचे हात मात्र पांढरे, कोरडे, सालपटं निघालेले.

"स्वस्तिक तुम्ही काढलं. मग तुमचंच कुंकू कसं उतरलं?" हणमंतप्पांनी त्यांना विचारलं.

गौरीशंकरांनी बोटं मिटून घेतली.

"ही काच न्हाय, ॲक्रिलिकचं प्लास्टिक हाय," हणमंतप्पा सगळ्यांना म्हणाले. "साबणानं तिला काही होत न्हाय. पण रंगाचं थिनर लागलं, की स्क्रूनं ताणलेल्या जागी बारीक चिरा पडतात. कधी लगेच, कधी रातभरानं. डाग निघंना म्हणून यांनी थिनरचा बोळा फिरवला. त्याच बोळ्यानं हात पुसले."

"एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं," गौरीशंकर पुटपुटले.

"आन सकाळी चिरा दिसल्या तवा?"

"सर," शिवांजली हळू म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, आज काच बघत बसू नको, उशीर होतोय."

तपासणीच्या कागदावर गौरीशंकरांचीच सही होती. उड्डाणास योग्य.

"टाळाला केसाएवढी चीर गेली तर नुसता सूर बिघडतो, बाबा," हणमंतप्पा म्हणाले. "हितं पोर गेली असती."

गौरीशंकरांनी हात पाठीमागं घेतले.

गोरोबानं खिशातलं आपट्याचं पान काढून शिवांजलीच्या तळहातावर ठेवलं. दोघांचीही बोटं गुलाबी होती.