उसने कान

जुन्या फोटोत माणसाचे कान नीट दिसत नाहीत. अर्धे पगडीखाली असतात, उरलेले सावलीत जातात. पण पुतळ्याभोवती लोक फिरतात, त्यांना माणूस मागूनही पुरा लागतो. म्हणून आम्ही पुतळेवाले कान उसने घेतो, घरातल्या नाहीतर शेजारच्या कुणाचे. माझ्या मेव्हण्याचे कान तीन तालुक्यांतल्या चौकांत उभे आहेत आणि मेव्हणा ठणठणीत ऐकतो. जेवायला बोलावलं तर दोन घरं पलीकडूनही येतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून लोक माझ्या धंद्याला नावं ठेवतील.

जाम गावच्या चौरस्त्याच्या थोडं अलीकडे माझी शेड आहे. गेल्या दिवाळीनंतर एका मोठ्या शहराची ऑर्डर आली. शहराचं नाव लिहीत नाही. तिथल्या बागेत, ते शहर घडवणाऱ्या चौघांचे फायबरचे अर्धपुतळे बसवायचे होते: पहिली गिरणी काढणारे शेठ, खाडी बुजवून रस्ते आखणारे साहेब, बायकांचा दवाखाना उघडणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि डोंगरातून पाणी आणणारे रावसाहेब. रावसाहेबांनी तलावासाठी सात गावं उठवली होती. अर्ज घेऊन आलेल्या गावकऱ्यांना ते दारातूनच परत पाठवत. त्यांच्या चौथऱ्यावर त्यांचंच वाक्य कोरायचं होतं: ‘ऐकत बसलो असतो, तर शहर तहानेनं मेलं असतं.’

त्यांच्यासाठी मी माझ्या मुलीचे, सरिताचे कान घेतले. एरवी मी कान डोळ्यांनी बघून हातानं घडवतो. या वेळी मुदत चार दिवसांवर आली होती. दातांचे डॉक्टर साच्यासाठी वापरतात तो गुलाबी मसाला तिच्या कानांवर थापला आणि थेट साचा काढला. माझी चूक झाली असेल तर ती तिथे.

“बाबा, गारगार लागून राह्यलं,” म्हणत ती हसत होती.

जानेवारीत पुतळे बसले. फेब्रुवारीत सरितानं हाकेला ओ देणं सोडलं. आधी आम्ही मोबाइलवर खापर फोडलं. मग सेवाग्रामला नेलं. डोक्याला वायरी लावून तपासणी झाली, आणि दोन्ही कान उत्तम असल्याचा कागद हातात पडला.

तिचं नर्सिंग नुकतंच पुरं झालं होतं. पंधरा जूनला ती वॉर्डात रुजू व्हायची होती. पेशंटची हाक ऐकू न येणारी नर्स कोण ठेवणार? माझी बायको कांता उठता-बसता हेच म्हणायची. भीती मलाही तितकीच वाटत होती.

मग सरिताच विचारू लागली.

“बाबा, कबुतरं कुठून आली?”

आमच्या शेडवर कबुतरं नाहीत.

“कोन झाडून राह्यलं सकाळी सकाळी?”

अंगण तर तीच झाडते. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. मी एक वही केली आणि वेळा टिपू लागलो. सहा दहा, झाडू. नऊ, कारंजं. बारा, माणसं.

‘कोणती माणसं?’ मी कागदावर लिहून तिच्यापुढे धरलं.

“वळीनं येतात. पयले गावाचं नाव सांगतात, मंग आपलं.”

‘तुला काय सांगतात?’

“मले नाई सांगत. त्याले सांगतात.”

मे महिन्यात पिशवीत करवतीचं पातं घालून मी त्या शहरात गेलो. रावसाहेबांच्या पुतळ्यावरचे सरिताचे कान कापून आणायचे आणि त्या जागी हातानं घडवलेले बसवायचे, एवढंच ठरवलं होतं. कांताला सांगितलं होतं. बाग ज्यांची, त्यांना विचारलं नव्हतं.

उजाडताच बागेत पोचलो. सहा वाजून दहा मिनिटांनी एक बाई आली आणि झाडू लागली. नऊला कारंजं उडालं. वही पिशवीत टाकली, ती मी पुन्हा उघडली नाही.

बारापर्यंत ऊन असं तापलं की बागेत चिटपाखरू उरलं नाही. रावसाहेबांचा चेहरा मी केला होता तसाच करडा होता. कान मात्र माझ्या पोरीचे. डाव्या पाळीवर, लहानपणी सोनाराच्या हातून चुकून पडलेलं जास्तीचं भोकही उमटलेलं होतं.

मी कांताला फोन लावला आणि सरिताजवळ बसायला सांगितलं. मग पुतळ्याच्या कानाशी वाकलो. भर उन्हात फायबरनं चटका द्यायला हवा होता. ते गार होतं.

“सरिता,” मी पुटपुटलो.

फोनमधून लगेच आवाज आला. “हो, बाबा.”

चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला ओ दिली होती. मला रडूच फुटलं.

“अहो, आयकलं तिनं!” कांता ओरडली. “कापा लवकर!”

मी पातं पाळीला लावलं.

“बाबा, थांबा,” सरिता म्हणाली. पेशंटला नुकती झोप लागलेली असावी, इतक्या हळू.

“काऊन?” मी त्या कानात विचारलं.

“लाइन लागली हाये. तुमी मधातच घुसले.”

मी वळून पाहिलं.

बाग रिकामी होती. फाटकापासून पुतळ्यापर्यंतची फरशी कोरडी ठाक होती. फक्त एका ओळीत, हातहातभर अंतरावर, ओली पावलं उमटली होती. सगळ्यात पुढचं पाऊल लहानसं होतं आणि माझ्या चपलेला येऊन टेकलं होतं.

मी बाजूला सरकलो.

फोन चालूच होता.

“बोला, आजी,” सरिता कुणाला तरी म्हणाली. “आयकून राह्यली मी.”