खांबामागचे आजोबा

“अहो... ही खुर्ची नाही. मी आहे.”

अंधारातून आवाज आला आणि ती ताडकन उठली. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधून ती थेट इथे धावत आली होती. शेवटच्या साच्यातलं मेण काही केल्या निघेना, म्हणून उशीर झाला. बाल्कनीतले दिवे विझलेले, नाटक सुरू झालेलं, आणि पहिल्या रांगेतल्या वीस गुडघ्यांना धडका देत ती शेवटच्या खुर्चीकडे निघाली होती. अंदाज एका खुर्चीने चुकला. आता अनोळखी माणसाच्या मांडीवर बसून झाल्यावर काय बोलायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“सॉरी,” ती पुटपुटली. “मला वाटलं, ही रिकामी आहे.”

“रिकामी शेजारची. तुरुंग.”

तुरुंग हा शब्द तिच्या आत्याचा. नाटकवेड्यांचा हा बारा जणांचा गट आत्याने जमवला होता. दर महिन्याला एक नाटक, ठरलेलं नाट्यगृह, आणि बाल्कनीतली ठरलेली पहिली रांग, कारण तिथली तिकिटं स्वस्त. स्वस्त का, तर बाराव्या खुर्चीच्या पुढ्यात छपराला टेकू देणारा एक जाडजूड लोखंडी खांब होता. खांब आणि भिंत यांच्यामध्ये बसणाऱ्याला रंगमंचाचा उजवा भाग अजिबात दिसत नसे. हा अन्याय एकावरच नको म्हणून आत्याने दोन नियम केले होते. मध्यंतरात सगळ्यांनी एकेक खुर्ची उजवीकडे सरकायचं आणि कैद्याने सुटून पार डावीकडे पहिल्या खुर्चीवर जायचं. आणि तोवर कैद्याच्या शेजाऱ्याने न दिसणारा भाग त्याच्या कानात सांगायचा. याला ते ‘डोळे देणं’ म्हणत. हे नियम आत्या इतक्या कडकपणे पाळून घेई की तिला न विचारता कुणी शिंकतही नसे.

आज आत्याने भाचीला मुद्दाम तुरुंगात टाकलं होतं. गटातले दोघं आज आले नव्हते, त्यांच्या जागी पहिल्या खुर्चीवर लग्नाचं एक स्थळ, बँकेत नोकरी करणारा मुलगा, बसला होता, दुसऱ्यावर त्याची आई, तिसऱ्यावर खुद्द आत्या. मध्यंतरात भाची सुटून पहिल्या खुर्चीवर जाणार, बँकवाला दुसऱ्यावर सरकणार, आणि तासभर दोघं शेजारीशेजारी. योजना अगदी चोख होती. शिवाय अर्धंच नाटक दिसलं तर मुलगी अर्धंच हसेल, हाही हिशेब त्यात होताच.

कारण खरी अडचण तिचं हसणं ही होती. आधी खोकल्यासारखे दोन झटके, मग पोटातून धबाधबा, आणि शेवटी श्वास आत घेताना एक लांब, सरळ शिट्टी. लॅबमध्ये सगळे तिला शिट्टीच म्हणत. या शिट्टीपायी दोन स्थळं हातची गेली होती. एका घरच्यांनी तर ‘मुलगी चांगली आहे, पण घरात कायमचा भोंगा कोण ठेवून घेणार?’ असं तोंडावर विचारलं होतं.

“आज फक्त दोन तास,” आत्याने सकाळी बजावलं होतं. “दात दाखवायचे नाहीत.”

“आत्या, मी दातांवरच पोट भरते गं.”

“दुसऱ्यांच्या! तुझे मिटलेले ठेव. मी काही जन्माला पुरणार नाहीये.”

हे शेवटचं वाक्य आत्याचं हुकमी हत्यार होतं. आईवडिलांच्या माघारी आत्यानेच तिला वाढवलेलं. बदल्यात कधी काही मागितलं नव्हतं, आणि आज मागितलं ते एवढंच... तिने शब्द दिला. दिला खरा, पण मनाविरुद्ध. दोन तासांचा शब्द पुढे आयुष्यभराचा होतो, हे तिला न कळण्याइतकी ती लहान नव्हती.

“मी लिफ्टवाला, दुरुस्तीचा,” शेजारचा कुजबुजला. “तुमच्या आत्याबाई चाळीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. बाहेर काढलं, तर आभार मानायच्या आधी मला गटात भरती करून घेतलं.”

“आमची आत्या तशीच.”

“आज तुमचे डोळे मी.”

अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, आवाजातलं हसू मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.

नाटकातल्या कारकुनाने आजारी असल्याची थाप मारून सुट्टी घेतली होती आणि साहेब फळं घेऊन घरी टपकले होते. नाट्यगृह खदाखदा हसत होतं. तिने ओठ घट्ट मिटले, रुमालाचा बोळा तोंडाशी धरला आणि खांबाकडे बघत राहिली.

“उजवीकडे काय आहे?” तिने विचारलं. काहीतरी रटाळ ऐकायला मिळालं तर बरं, असं वाटलं तिला.

“आरामखुर्ची. त्यात आजोबा झोपलेत.”

“कोण आजोबा?”

“कारकुनाचे असतील. पांढऱ्या मिशा. डोक्यावर केसांचा टोप आहे, आणि...” तो थांबला. “जरा घसरलाय.”

तिला पहिला झटका आला. तिने तो गिळला.

पाच मिनिटांनी तो पुन्हा झुकला. “टोप डाव्या कानावर आला.”

“नका सांगू.”

“बरं.” तो रंगमंचाकडे वळला आणि लगेच परत झुकला. “आता भुवईवर.”

“अहो!”

“माझं कामच आहे. नियम आहे आत्याबाईंचा.”

तिने मान वाकडी करून खांबापलीकडे डोकवायचा प्रयत्न केला. आरामखुर्चीचा एक लाकडी हात तेवढा दिसला, आणि या वाकण्यात तिचं डोकं त्याच्या खांद्याला लागलं. त्याने खांदा काढून घेतला नाही. तिनेही डोकं उचलायला जरा वेळच लावला.

“आजोबा घोरतायत,” तो अगदी हळू म्हणाला. “घोरले की मिशी वर, श्वास सोडला की खाली. टोप आता नाकावर. साहेब शेजारून गेले, पण त्यांना वाटलं, खुर्चीत मांजर बसलंय.”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोट दुखायला लागलं. रुमालाचा अर्धा भाग तोंडात गेला होता. ती हसली नाही, पण शब्द पाळताना माणूस इतका सुखात असू शकतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“कशाला दाबताय एवढं?” त्याने विचारलं.

“शब्द दिलाय.”

“कुणाला?”

ती उत्तर देणार तोच दिवे लागले. मध्यंतर.

उजेडात दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिशीतला, सावळा, नखांच्या कडांना न निघणारं वंगण, आणि चेहरा असा गंभीर की हाच माणूस टोपाबद्दल बोलत होता यावर कुणाचा विश्वास बसला नसता. “तुम्ही मला—” तो म्हणाला, पण तेवढ्यात आत्याने टाळी वाजवली.

“सरका!”

रांग उठली. लिफ्टवाला तुरुंगात गेला. त्याच्या शेजारी, अकराव्या खुर्चीवर, निवृत्त पोस्टमास्तर आले. दर नाटकाच्या दुसऱ्या अंकात ते झोपत. म्हणजे आज त्याला डोळे देणारं कुणी नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. तो खांबाकडे बघत शहाण्यासारखा बसला होता, आणि का कोण जाणे, तिला ते फार लागलं.

पहिल्या खुर्चीवर बँकवाल्याने तिला पाण्याची बाटली दिली, लॅबची वेळ विचारली, सुट्ट्या विचारल्या. वाईट नव्हता मुलगा. पलीकडून त्याची आई तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, “शांत आहे हो तुमची भाची.” आत्याचा जीव भांड्यात पडला. भाची मात्र विचारात पडली. ही शांत मुलगी कोण, आणि हिच्याबरोबर जन्म कसा काढायचा?

पडदा उघडला. पहिल्या खुर्चीवरून सगळा रंगमंच स्वच्छ दिसत होता. तिने आधी उजवीकडे पाहिलं.

आरामखुर्ची होती. तिच्यावर एक घडी केलेली चादर होती. आजोबा नव्हते.

आत गेले असतील, असं तिला वाटलं. येतील. टोप सावरत येतील. कारकून आला, बायको आली, साहेब आले. आजोबा काही येईनात.

“आजोबा कुठे गेले हो?” तिने हळूच बँकवाल्याला विचारलं.

“कोण आजोबा?”

“आरामखुर्चीतले. टोपवाले.”

त्याने तिच्याकडे काळजीने पाहिलं. “या नाटकात आजोबा नाहीयेत.”

“पहिल्या अंकात तरी...”

“त्या खुर्चीत कुणीच नव्हतं. चादर होती फक्त.”

तिने चादरीकडे पाहिलं. एका चादरीला त्या माणसाने मिशा लावल्या, टोप घातला, घोरायला लावलं आणि पाऊण तास तो टोप बोटाबोटाने खाली सरकवत आणला... गंभीर चेहऱ्याने! कुणासाठी? तर रुमाल चावत बसलेल्या एका अनोळखी मुलीसाठी. पहिला झटका आला. दुसरा आला. रंगमंचावर नेमका रडायचा प्रसंग होता, कारकुनाची बायको माहेरी निघाली होती आणि अख्खं नाट्यगृह चिडीचूप होतं.

आणि शिट्टी वाजली.

लांब, सरळ, छपरापर्यंत. खाली शेकडो माना वळल्या. बायकोचं काम करणारी नटी बॅग हातात धरून थांबली, तिने वर बाल्कनीकडे पाहिलं आणि म्हणाली, “बघा! निघायच्या आधीच माझी गाडी सुटली!” नाट्यगृह हशाने दणाणलं. त्या हशात हिचा धबधबा मिसळला आणि आता तो थांबवायचा म्हटलं तरी थांबणार नव्हता.

“तोंडावर रुमाल धरा,” बँकवाला कुजबुजला. “लोक बघतायत.”

“बघू देत की. माझे स्वतःचे दात आहेत.”

“काय हे!” त्याची आई आत्याकडे वळली. “असं हसणारी मुलगी चार लोकांत न्यायची कशी? आम्ही काय ते नंतर कळवतो.”

तिचं हसू थांबलं. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याची मान खाली होती. त्या खाली गेलेल्या मानेचा तिला राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. दोन तासांसाठी का होईना, ती स्वतःला लपवायला तयार झाली होती.

“तुम्ही कशाला त्रास घेता?” ती म्हणाली. आवाज कुजबुजता होता, पण एकेक अक्षर ऐकू येत होतं. “मीच आत्ता कळवते. नाही. आत्या, शब्द मोडला गं. पुन्हा देणार नाही.”

ती उठली. चालू नाटकात उठणं म्हणजे या गटात महापाप. बँकवाल्याचे गुडघे, त्याच्या आईचे, आत्याचे... “पाय घ्या. जरा पाय घ्या.” वीस गुडघे ओलांडून ती खांबापाशी पोचली आणि तिथेच अडकली. एका बाजूला भिंत, मागे कठडा, आणि जवळपास बसायला जागाच नाही. लिफ्टवाला तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत होता.

“आजोबा नाहीयेत,” ती म्हणाली.

“नाहीत,” त्याने कबूल केलं.

“खोटारडे!”

“तुम्ही हसू दाबत होता. माझा धंदाच असा आहे... आतून दाबलेला आवाज आला की मला गप्प बसवत नाही.”

“खाली बसा!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. पण बसणार कुठे? पोस्टमास्तर गाढ झोपले होते.

तेव्हा रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून आत्याचा आवाज आला. हळू, पण तोच. मध्यंतरातला.

“सरका. डावीकडे.”

रांग दचकली. आजवर कुणी डावीकडे सरकलं नव्हतं.

“बहिरे झालात का? डावीकडे एकेक! पोस्टमास्तर, उठा!”

“आम्हीसुद्धा?” बँकवाल्याच्या आईने विचारलं.

“तुम्हीच आधी. पहिली खुर्ची रिकामी आहे ना! आणि हो, तिचा बाप अस्साच हसायचा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आता तो नाही, तर ती शिट्टी तेवढी उरलीय माझ्याकडे. ती मी बंद करायला निघाले होते... सरका म्हणते ना!”

आठ जणांचा जुना सराव आणि दोन पाहुण्यांचा नाइलाज. रांग खडखडत डावीकडे सरकली. पोस्टमास्तर झोपेतच उठले आणि झोपेतच बसले. अकरावी खुर्ची रिकामी झाली.

ती बसली. अंधारात आत्या डोळे पुसत असावी, असं तिला वाटलं, पण तिकडे बघायचं धाडस झालं नाही. बघितलं असतं तर ती स्वतःच रडली असती.

“आता तुमचे डोळे मी,” ती समोर बघत म्हणाली. “नियम आहे.”

“सांगा मग. उजवीकडे काय चाललंय?”

तिने आरामखुर्चीकडे पाहिलं. चादर तशीच होती.

“आजोबा उठून गेले. आता त्या खुर्चीत एक मुलगी येऊन बसलीय.”

“कशी आहे?”

“दात दिसतायत सगळे.”

“वा! आणि... कुणाची वाट बघतेय का?”

“एका खोटारड्या माणसाची. पण तो खांबामागे आहे. त्याला बिचाऱ्याला काहीच दिसत नाहीये.”

मग दोघांच्या खुर्च्यांमधल्या लाकडी हातावर, तिच्या लॅबमधल्या प्लास्टरने खरखरीत झालेल्या बोटांशेजारी, वंगणाच्या कडा असलेला एक हात येऊन थांबला. टेकला नाही. थांबला.

“दिसतंय,” तो म्हणाला. “मघाशी दिवे लागले तेव्हापासून दिसतंय. तेच सांगत होतो, तर आत्याबाईंनी टाळी वाजवली.”

“मग आता सांग.”

त्याने सांगितलं. अगदी कानात, दोनच शब्दांत. खाली रंगमंचावर साहेब फळांच्या टोपलीत पाय घालून पडले आणि सगळं नाट्यगृह हसलं, पण बाल्कनीतली ती शिट्टी त्यासाठी वाजली नव्हती.