कलीमचा मॉनिटर

टिक्... टिक्... टिक्...

हा आवाज मी ऐकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. बंद पडलेल्या मॉनिटरची पॉवर सप्लाय उठायला, म्हणजे चालू व्हायला, बघते आणि तिला उठता येत नाही, तेव्हा तो येतो. दमेकरी माणूस पायरीवर पाय ठेवतो, थांबतो, पुन्हा ठेवतो, तसा. आमच्या धंद्यात त्यात भिण्यासारखं काही नसतं. पण त्या दुपारनंतर मी कुणाचा मॉनिटर हातात घेतलेला नाही.

दुसरबीडला रस्त्याच्या कडेला माझं दुरुस्तीचं दुकान, शेजारी उत्तमरावांची पिठाची गिरणी. उन्हाळ्याचे दिवस होते. शाहजादीभाबी आल्या त्या चादरीत गुंडाळलेला मॉनिटर छातीशी धरून. गिरणीच्या दारातून उत्तमराव म्हणाले, "घे कडूबा. भंगारवाल्याच्या पोटावर पाय देऊन राह्यला तू." मी हसलो. भाबी हसल्या नाहीत.

त्यांचा मुलगा कलीम जवळच्या बीबी गावात लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचा. घरी येताना त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. मोबाइलचाही चुरा झाला. मागं राहिलं आधार कार्ड. पण त्यावरचा माणूस भाबींना कलीम वाटतच नव्हता. खरा फोटो कॉम्प्युटरवर होता. चालू केला की पहिला तोच यायचा, उरुसात काढलेला, मायलेकांचा.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाबींनी कॉम्प्युटरचा खालचा डबा भंगारात दिला. त्यात नुसता पंखा फिरतो, असं त्यांना वाटलं. चेहरा जिथं दिसायचा, तो मॉनिटर तेवढा जपून ठेवला.

फोटो त्या डब्यातच होता, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"दादा, मले त्याचं हसणं आठवत नाही आताशा," भाबी हळूच म्हणाल्या. "एक डाव दिसला म्हंजे झालं."

मी ठरवलं, थोडा वेळ खटपट केल्यासारखं करायचं आणि सुधरत नाही म्हणून सांगायचं. उन्हानं आणि वयानं जीव थकला होता. खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं.

भाबी टेबलापलीकडं स्टुलावर बसल्या. मी मॉनिटर त्यांच्याकडं तोंड करून उभा केला आणि मागून उघडला. प्लग काढलेला असला तरी सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. म्हणून हात घालण्याआधी आम्ही त्याच्या दोन पायांना बल्बच्या वायरी लावतो. बल्ब भपकन पेटतो, विझतो, कपॅसिटर रिकामा होतो. हा मॉनिटर तर कित्येक महिने बंद होता. त्यात काही असणारच नव्हतं. मी सवयीनं वायरी लावल्या.

बल्ब पेटला.

विझल्यावर पुन्हा लावल्या. पुन्हा पेटला. प्लग माझ्या मांडीवर होता. तिसऱ्यांदा तो भपकला नाही. वात वर करावी तसा हळूहळू उजळत गेला, आणि हळूहळूच विझला. जुना मॉनिटर उघडला की जळक्या धुळीचा वास येतो. मला कापराचा वास आला, मय्यतीला लावतात त्याचा.

"काय झालं, दादा?"

"काही नाही," मी म्हणालो.

पुढचे दोन छोटे कपॅसिटर फुगलेले होते. ते तसेच ठेवायचे, असं मन म्हणत होतं. पण हातांना इतक्या वर्षांचं वळण. त्यांनी ते बदलले. मग प्लग लावला.

टिक्... टिक्... टिक्...

उठेना. मला बरंच वाटलं. "नाही होत, भाबी," असं म्हणायला तोंड उघडलं आणि लाईट गेली. डोक्यावरचा पंखा मंदावला. शेजारची गिरणी घरघरत थांबली. सगळं गाव एकदम मुकं झालं.

टिक्... टिक्...

मी प्लग उपटला. आवाज चालूच राहिला. मग तोही थांबला, आणि भाबींच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडला.

"आला..." त्या म्हणाल्या.

"कोण, भाबी?"

"कलीम."

मी मॉनिटरच्या पाठीमागं होतो. दोन पावलं टाकली असती तर दिसलं असतं. पण पाय उचलेनात. मला दिसत होता तो फक्त त्यांचा चेहरा. तो आधी हसला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बारीक झाले.

"दादा... फोटो नाही हा..."

"मग?"

"हालून राह्यला..."

त्यांनी पडद्याकडं हात नेला. उजेड बराच वेळ त्यांच्या तोंडावर थरथरत राहिला, आणि गेला.

भाबी उठल्या. चादर घेतली नाही, मॉनिटर घेतला नाही. मी हाक मारली. त्या उन्हात उतरल्या. उजवा हात अंगापासून जरा लांब, बोटं मिटलेली. गर्दीत लेकराला धरून चालावं तशा चालत होत्या.

उत्तमराव गिरणीच्या दारात वारं घ्यायला उभे होते. भाबींना वाट द्यायला ते भिंतीकडं सरकले. भाबी पुढं गेल्या तरी ते तसेच अंग चोरून उभे राहिले. मागून अजून कुणी जायचं असावं, तसे. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आत निघून गेले.